प्रवरेच्या उलट दिशेनं : भंडारदऱ्याचे चार दिवस

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पन्नास वर्षं भंडारदऱ्याच्या पाण्यावर शेती केली, पण भंडारदरा कधी पाहिला नव्हता.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा डाव्या कालव्याच्या एका चारीच्या (छोट्या फाट्याच्या) पार टेलला, शेवटच्या टोकाला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की वरच्यांची भरणी होईपर्यंत वाट बघायची आणि मग आमची पाळी, तीही बहुतेक वेळा रात्रीची. पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाणी वाटून देणाऱ्या पाटकऱ्याच्या मागं हिंडायचं, आणि मध्यरात्री बॅटरी नि फावडं घेऊन पाण्याची दारं धरायला जायचं. 'भंडारदरा किती भरला?' हा प्रश्न आमच्या घरात जुलै लागला की रोज विचारला जायचा. आधी रेडिओवरून कळायचं, मग पेपरातून, आता मोबाइलवर. अकरा टीएमसीचं (अकरा अब्ज घनफुटांचं) धरण भरलं की अण्णा देवापुढं साखर ठेवायचे.

यंदा त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं. मी पुण्याहून फोन केला नि म्हटलं, "अण्णा, या पावसाळ्यात धरण बघायला जाऊ. जिथून पाणी येतं, तिथपर्यंत." पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "सोयाबीनची खुरपणी उरकू दे."

जुलैचा शेवटचा आठवडा ठरवला. मुद्दाम सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते आणि धबधब्याच्या आवाजापेक्षा हॉर्न जास्त ऐकू येतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर मधले वारच बरे.

सोमवार

सकाळी सहाला निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी अण्णा, मागं आई आणि तिची शिदोरी. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, एका डबीत लसणाचं तिखट.

श्रीरामपूरहून बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी. लोणीपासून पुढं हा कोल्हार-घोटी रस्ता. नकाशा उघडून बसलं की लक्षात येतं, हा रस्ता प्रवरेच्या सोबतीनं वर चढत जातो. म्हणजे आम्ही चार दिवस पाण्याच्या उलट दिशेनं जाणार होतो. लोणीजवळ प्रवरानगरच्या कारखान्याचं धुराडं दिसलं. १९५० मध्ये इथं गाळप सुरू झालं, आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. विठ्ठलराव विख्यांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं, पण ज्या उसाच्या भरवशावर ते केलं तो ऊस कालव्याच्या पाण्यावरचा. आमच्या भागाची पक्की घरं, शाळा, पोरींची शिक्षणं (माझंसुद्धा) या पाण्यातूनच आली.

थोडी वाकडी वाट करून ओझरच्या बंधाऱ्यावर थांबलो. धरणातून सुटलेलं पाणी इथपर्यंत नदीच्या पात्रातूनच येतं. या बंधाऱ्याशी ते अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. अण्णा इथं पूर्वी एकदा पाण्याच्या मोर्चात आले होते, तेव्हा पात्रात फक्त गोटे होते म्हणे. आज नदी दोन्ही थड्या भरून, गढूळ, चहाच्या रंगाची. त्यांनी हात वर करून दाखवलं, "तो आपला डावा." एखाद्यानं आपलं घर दाखवावं तसं.

संगमनेर मागं पडलं, अकोल्यात अगस्ती ऋषींच्या आश्रमात आईनं दर्शन घेतलं. इथवर ऊस नि डाळिंब. विठ्याचा घाट चढला आणि शिवार बदललं. उसाचा हिरवा गडद असतो, भाताच्या रोपांचा हिरवा कोवळा, पोपटी. निळवंडे धरणाचं पाणी डोंगरांच्या खोबणीतून लांबवर दिसत राहिलं. पावसाची पहिली सर राजूरच्या अलीकडं आली, आणि ती पुढं तीन दिवस खऱ्या अर्थानं थांबलीच नाही.

राजूरला पेढे घेतले. तिथले पेढे प्रसिद्ध आहेत ते योग्यच आहे, खरपूस आटवलेला खवा आणि साखर बेतानं. बाजाराच्या कडेला एक डांगी बैल भिजत उभा होता, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. अण्णा खाली उतरून त्याच्या पाठीवरून हात फिरवून आले आणि तळहात माझ्यापुढं धरला. तेलकट होता. डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट द्रव सुटतो, त्यामुळं इतक्या पावसातही पाणी अंगात मुरत नाही. आमच्याकडची खिलार जोडी इथं आठ दिवसांत आजारी पडली असती, असं अण्णांचं म्हणणं.

दुपारी रंधा. राजूर-शेंडी रस्त्यालगतच प्रवरा सुमारे १७० फूट खाली कोसळते. आधी आवाज येतो, मग तुषारांचा धूर, आणि पाणी सगळ्यात शेवटी दिसतं. लोखंडी कठड्यावर हात ठेवला तर कठडा बारीक थरथरत होता. खालच्या अरुंद घळीत पाणी असं कोंबलं जातं की ते खाली पडून पुन्हा वर उसळतं.

रंधा इतर धबधब्यांसारखा नुसत्या पावसावर चालत नाही, वर धरणातून किती सोडलंय यावर त्याचा आकार ठरतो. त्या दिवशी धरणातून काही हजार क्युसेक सुटत होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. आमच्या चारीला तीन क्युसेक मिळालं तर गाव खूश असतं. अण्णांनी मनातल्या मनात हिशेब मांडला असावा, कारण बराच वेळ ते बोलले नाहीत. आईनं जवळच्या घोरपडादेवीची ओटी भरली. ती परत आली तेव्हा अण्णा तिला म्हणाले, "बघ, हे असं निघतं आणि आपल्याकडं पोहोचेस्तोवर करंगळीएवढं होतं."

शेंडीत मुक्काम. खोली ओलसर होती, पण गरम पाणी मिळालं आणि तेवढं पुरे झालं.

मंगळवार

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडीतून निघतो. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, तिथून वळून साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी. गाडीनं एका दिवसात होतो. आम्ही दोन दिवस घेतले आणि तेही कमी पडले.

या पाण्याला राघोजी भांगऱ्यांचं नाव आहे. अकोले तालुक्यातल्या देवगावचा हा महादेव कोळी वीर सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठला. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. याच डोंगरांत तो वर्षानुवर्षं इंग्रजांना सापडला नाही. हे धुकं बघितलं की का सापडला नाही ते कळतं.

मुरशेत सोडलं आणि धबधबे सुरू झाले. आधी मी मोजत होते. डावीकडं तीन, उजवीकडं पाच, लांब कळसूबाईच्या रांगेवर पांढऱ्या रेघाच रेघा. बावीसनंतर मोजणं सोडलं. कळसूबाईचा माथा, १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच, तो काही चारही दिवस दिसला नाही. ढगात गेला तो गेलाच.

हे इतके धबधबे एकाच ठिकाणी का, याचं उत्तर डोंगराच्या अंगावरच लिहिलेलं असतं. सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर. एक थर टणक, त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, टणक थर पुढं आलेला राहतो. म्हणून अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो आणि पाणी प्रत्येक पायरीवरून वेगळी उडी मारतं. एकाच ओढ्याच्या सहा-सात उड्या आम्ही एका नजरेत पाहिल्या. सर्वांत वरची नुसती धुराची रेघ, सर्वांत खालची रस्त्यावर येऊन पडणारी, गाडीची काच धुणारी.

उडदावण्याच्या पुढं एका फरशी पुलापाशी मी गाडी थांबवली. पाणी फरशीवरून वाहत होतं, पण घोट्याएवढंच, स्वच्छ, खालचं सिमेंट दिसत होतं. जावं की न जावं असा विचार करत होते. पलीकडून घोंगडं पांघरलेला एक माणूस पाचसहा गुरं घेऊन येत होता. त्यानं लांबूनच हात आडवा केला. मी काच खाली घेतली.

"थांबा ताई. पाणी बघा."

मला काही वेगळं दिसेना. त्यानं काठीनं दाखवलं. मघाशी स्वच्छ असलेल्या पाण्यात आता पालापाचोळा येत होता, मग बारीक काटक्या, आणि कडेकडेनं पाणी तांबूस होत चाललं होतं. "वर डोंगरात जोराचा झालाय. पाला येतो आधी, लोंढा मागनं येतो." त्यानं गुरं माघारी, उंचावर वळवली. दहा मिनिटं झाली असतील नसतील, फरशी दिसेनाशी झाली. पाणी कंबरेएवढं, तांबडं, आणि त्यातून एक आख्खं करवंदाचं झुडूप मुळासकट गेलं. आमच्या डोक्यावर त्या वेळी धड पाऊसही नव्हता, नुसती भुरभुर.

पावणेदोन तास तिथं बसलो. आई हळू आवाजात हरिपाठ म्हणत होती. मला राहून राहून आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या एका धबधब्याखाली, डोहात उतरून नाचणारी कॉलेजची पोरं आठवत होती. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं. पाण्याचा रंग बदलला, पाला वाहत आला, की फोटो, चप्पल, काही न बघता उंचावर यायचं. दर पावसाळ्यात घाटात कुणाची तरी पोरं जातात आणि बातमीत 'पाण्याचा अंदाज न आल्याने' एवढंच छापून येतं. अंदाज येतो. त्या गुराख्याला आला.

पाणी ओसरलं तसं तोच माणूस आधी चालत पलीकडं गेला, काठीनं तळ चाचपला, आणि मग मला ये म्हणाला. अण्णांनी त्याला राजूरच्या पेढ्यांचा पुडा दिला. त्यानं त्यातले दोन घेतले आणि पुडा परत केला.

घाटघरला पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि समोर काहीही नव्हतं. शब्दशः काही नाही. कोकणकड्याच्या कठड्यापाशी उभं राहिलं तर पुढं पांढरं, मागं पांढरं, शेजारी उभे अण्णा फिकट. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर). आमच्याकडं वर्षभरात पाचशे मिलिमीटर झाला तर आम्ही चांगला पाऊस म्हणतो. इथं तेवढा जुलैच्या एका जोरदार आठवड्यात पडून जातो. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं. ढग कोकणातून चढतात, कड्याला थडकतात, इथंच रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला त्यांच्या सावल्या येतात.

तासभर थांबलो. वारा इतका की आईला दोघांनी धरलं होतं. आणि अचानक खालून कुणी पडदा ओढावा तसं धुकं फाटलं. दोन मिनिटं, फार तर तीन. शेकडो फूट खाली कोकण. हिरवी खाचरं, वाड्या, एक वळणदार नदी. आणि आमच्या डाव्या हाताला कड्यावरून खाली निघालेली पाण्याची एक धार अर्ध्यात वाऱ्यानं उचलली जाऊन उलटी आमच्याच अंगावर येत होती. अण्णांच्या चष्म्यावर ते पाणी साचलं, त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, तोवर पडदा पुन्हा पडला होता. "दिसलं का अण्णा?" "दिसलं. पाणी वर येताना दिसलं."

मी त्यांना सांगितलं, इथं माणसंही पाणी वर आणतात. घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प असाच चालतो. विजेची मागणी वाढते तेव्हा वरच्या तलावातलं पाणी कड्याच्या पोटातून खाली कोकणात सोडून वीज करतात, आणि मागणी नसते तेव्हा, रात्री, तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. त्यांना ते पटायला वेळ लागला. ज्या माणसानं आयुष्यभर पाणी फक्त उतारानंच येताना पाहिलं, त्याला पाणी परत वर नेणं ही गोष्ट सहज पटत नाही.

मुक्काम साम्रदला एका घरी. कौलारू घर, मातीच्या भिंती, ओटीवर शेणानं सारवलेली गार जमीन. घरातल्या ताईंनी नागलीची भाकरी, भारंगीची भाजी आणि खुरासणीची चटणी वाढली. चुलीपुढं ओले कपडे वाळत घातले आणि ओळीनं सगळे तिथंच बसलो. मोबाइलला रेंज नव्हती. रात्रभर कौलांवर पाऊस आणि त्याच्याही मागं, अखंड, कुठल्यातरी धबधब्याचा घुमारा. अण्णांना झोप लागली नाही. मला वाटलं थंडी वाजतेय. "थंडी नाही," म्हणाले, "पाण्याचा आवाज आला की मला उठायची सवय आहे."

बुधवार

साम्रद प्रसिद्ध आहे सांदण दरीसाठी. जमिनीला पडलेली खोल भेग, दोन्ही अंगांना काळ्या कातळाच्या सरळ भिंती. पावसाळ्यात तीत उतरायचं नसतं, सगळं पाणी तिच्यातूनच जातं. आम्ही वरूनच, लांबूनच पाहिली. पण माझ्यासाठी साम्रदची सकाळ सांदणीमुळं लक्षात राहणार नाही.

ताईंच्या खाचरात त्या दिवशी आवणी, म्हणजे भाताची लावणी होती. घरातली आणि शेजारची मिळून अकरा माणसं, बहुतेक बाया. एक जण बैलांनी चिखलणी करत पुढं, मागं बाया ओळीनं वाकलेल्या. डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं, आता बहुतेकींचं प्लॅस्टिकच्या कागदाचं, एका म्हातारीचं मात्र अजून बांबूचं नि पानांचं. राबात भाजलेल्या जमिनीवर वाढवलेली रोपं उपटून, मुठी बांधून बांधावर ठेवलेल्या. एकेक मूठ हातात घ्यायची, अंगठा आणि दोन बोटांनी तीन-चार काड्या सुट्या करायच्या, चिखलात खुपसायच्या, हात बाहेर. एका रोपाला दोन सेकंदही लागत नाहीत. बोटांनी किती खोल जायचं हे ठरलेलं. उथळ लावलं तर पाण्यावर तरंगतं, खोल गेलं तर फुटवा कमी येतो.

अण्णा बांधावर उभे होते. मग त्यांनी धोतर गुडघ्यावर खोचलं, चपला काढल्या आणि खाचरात उतरले. आई ओरडली, मीही. ताई म्हणाल्या, "येऊ द्या बाबांना. चिखल मऊ हाय."

त्यांनी उभ्या आयुष्यात ऊस, गहू, कपाशी केली, भात कधीच नाही. पहिली काही रोपं तिरकी गेली. शेजारच्या म्हातारीनं काही न बोलता त्यांचा हात धरला, अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलं. मग जमलं. अर्धी ओळ त्यांनी एकट्यानं लावली. पाऊस पाठीवर, पाणी पोटऱ्यांपर्यंत, आणि समोर रतनगडाच्या अंगावरून उतरणारे धबधबे. त्या धबधब्यांचं पाणी एका चरातून या खाचरात येत होतं, खाचर भरलं की बांध फोडून खालच्या खाचरात, त्याच्या खालच्या, आणि शेवटी जलाशयात.

मी तोवर धबधबा म्हणजे बघायची गोष्ट समजत होते. इथं तो पाटकरी होता.

दुपारी जेवताना अण्णांनी विचारलं, "कोणतं वाण हे?" ताई म्हणाल्या, "हे जिरवेल. वरच्या खाचरात काळभात. इंद्रायणी बी करतो, विकायला. घरी खायला जुनंच." इथून जवळच, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, ती उगाच नाही. इथल्या घराघरांत बियाण्याला नाव आहे, चव आहे, आठवण आहे.

मग अण्णा म्हणाले, "तुमचं बरं आहे. धरणाच्या तोंडाशी राहता, पाण्याची काय कमी."

ताईंनी भाकरी थापता थापता मान वर केली. आवाजात राग नव्हता. "बाबा, पाऊस आमच्याकडं. पाणी तुमच्याकडं."

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर झरे बारीक होतात. होळीला आटतात. चैत्र-वैशाखात बाया डोक्यावर दोन हंडे घेऊन खाली उतरतात आणि भरून वर चढतात. धरण समोर दिसत असतं, खाली, दूर दूर सरकत जाणारं. भाताचं हे एकच पीक; दुसरं घ्यायला पाणी नाही, म्हणून पोरं खाली नाशिक, संगमनेरकडं कामाला जातात. धरण झालं तेव्हा आज्यासासऱ्यांची खालची खाचरं पाण्यात गेली, असं त्या घरात अजून सांगतात.

कारण पुन्हा तोच काळा कातळ. त्याच्यामुळं धबधबे आणि त्याच्यामुळंच तहान. तो पाणी पोटात ठेवत नाही. उतार तीव्र, माती बोटभर. पाच हजार मिलिमीटर काय नि दहा हजार काय, सगळं खाली निघून जातं, आणि खाली ते आमच्यासाठी अडवलेलं आहे. माझ्या मते या डोंगरात छोटे बंधारे, वरच्या अंगाच्या टाक्या, झऱ्यांची राखण यांवर धरणाइतकंच लक्ष जायला हवं होतं. शंभर वर्षांत ते पुरेसं गेलेलं नाही आणि आम्ही, खालचे, कधी त्याबद्दल बोललो नाही. आमचे मोर्चे निघाले ते आवर्तन लवकर सोडा म्हणून.

अण्णांनी ताट पूर्ण केलं, शेवटचा भाताचा कण वेचून खाल्ला. काही बोलले नाहीत.

संध्याकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. गावच्या टोकाला, डोंगराच्या कुशीत, काळ्या दगडाचं, शिखरावर बारीक कोरीवकाम. शिलाहार राजा झंज याच्या नावावर नद्यांच्या उगमापाशी बांधलेली बारा शिवमंदिरं सांगतात, त्यातलं हे एक. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं. पिंड पाण्याखाली होती आणि त्यावर वाहिलेली फुलं तरंगत होती. आईनं हात पाण्यात घालून पिंडीला स्पर्श केला.

प्रवरा इथंच, रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते. गोष्ट अशी की अमृत प्यायला बसलेल्या राहूचं शिर विष्णूनं उडवलं. धड पडलं रतनगडावर, आणि कंठातून जी अमृताची धार निघाली ती प्रवरा, अमृतवाहिनी. शिर जिथं पडलं ती राहुरी. राहुरी म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. आई माळकरी. तिनं तिचं जोडलं, "आणि पुढं नेवाशाला याच नदीच्या काठी माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली." तिच्या दृष्टीनं नदीचा हिशेब तिथं पूर्ण होतो. नेवाशाच्या पुढं प्रवरासंगमाला ती गोदावरीत मिसळते, हे मी म्हटलं, पण तिचं लक्ष पाण्यातल्या फुलांकडं होतं.

देवळामागून वाहणारा एक ओढा दाखवून पुजाऱ्यांनी सांगितलं, ही प्रवराच. उडी मारून पलीकडं जाता येईल एवढी. अण्णा काठावर बसले आणि ओंजळीनं पाणी प्याले.

गुरुवार

सकाळी साम्रदहून निघताना ताईंनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपांची एक मूठ अण्णांच्या हातात दिली. जिरवेल. "लावून बघा. चिखल नाही सुटला पाहिजे." अण्णांनी ती मूठ शेवटपर्यंत मांडीवर धरली.

नेकलेस फॉल, कोलटेंभ्याचा धबधबा, मुतखेल. सगळं सरींच्या आडून. सुंदर होतं, पण आम्ही थांबलो थोडंच. मन धरणाकडं लागलं होतं.

विल्सन डॅम, म्हणजेच भंडारदऱ्याची भिंत. १९१० मध्ये काम सुरू, १९२६ मध्ये पूर्ण. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव. जवळपास २७० फूट उंच, दगडी. भिंतीच्या पायथ्याकडून बघितलं की घडीव दगडांच्या ओळी दिसतात, एकसारख्या, अजून धारदार. सोळा वर्षं या पावसात कुणीतरी हे दगड घडवले, वाहिले, बसवले. त्यांची नावं कुठं वाचायला मिळाली नाहीत. मोरीतून सुटलेलं पाणी कातळाच्या गोल माथ्यावरून पसरतं आणि छत्रीसारखं खाली येतं, तो अंब्रेला फॉल. बाकीचे सगळे धबधबे देवाचे, हा एकटा माणसाचा, पण देखणेपणात कमी नाही. पोरं फोटो काढत होती. अण्णा छत्रीकडं न बघता भिंतीकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पावसात, आणि पुन्हा घातली.

परतीला पाण्याच्या बरोबरीनं उतरलो. राजूरनंतर पाऊस विरळ, अकोल्यानंतर ढग, संगमनेरच्या पुढं ऊन. ओझरला पुन्हा थांबलो. डाव्या कालव्याला पाणी सुटलं होतं. त्यांनी मला गाडी हळू घ्यायला सांगितली आणि खिडकीतून ते पाणी दिसत होतं तोवर बघत राहिले.

आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात, चारीचा पाझर साचून जमीन चिबड झाली आहे. तिथं काहीच येत नाही म्हणून तो तुकडा वर्षानुवर्षं पडीक. घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. अण्णांनी चहाही घेतला नाही. धोतर खोचलं, त्या चिखलात उतरले, आणि अंगठा म्हातारीनं शिकवला तसा धरून एकेक रोप लावलं. सव्वीस रोपं झाली.

त्यांनी साम्रदच्या ताईंचा नंबर कॅलेंडरवर, आवर्तनाच्या तारखांच्या शेजारी लिहून ठेवलाय. दर दोन-तीन दिवसांनी लावतात. रेंज असली तर लागतो. परवा लागला तेव्हा मी तिथंच होते. "बावीस धरली," ते मोठ्यानं सांगत होते, "चार गेली. तुमच्याकडं पाऊस किती?"